सिडनीच्या पायवाटा : सहा माणसे, सहा दिवस आणि पायऱ्यांचा हिशेब

आदल्या रात्री

पुण्यात ऑक्टोबरच्या उन्हाने जीव नकोसा होतो, त्या दिवसांत सिडनीत वसंत सुरू झालेला असतो. लेक आणि जावई दोघांनाही एकाच आठवड्यात रजा मिळाली, तेव्हा वेंटवर्थव्हिलच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलापाशी बसून आम्ही बेत केला, की रोज कुठेतरी चालायला जायचे. कधी समुद्राच्या कडेने, कधी रानातून. रानातल्या अशा चालीला ऑस्ट्रेलियात ‘बुशवॉक’ म्हणतात आणि तिथल्या लोकांना तिचे आपल्याकडच्या ट्रेकइतकेच वेड आहे.

बेत करणे सोपे होते, वाटा निवडणे अवघड होते, कारण आमच्या सहा जणांत एकाचा पाय दुसऱ्याच्या पायासारखा नव्हता. मी एकसष्ट वर्षांची, तरुणपणी सह्याद्रीत भरपूर हिंडलेली आणि अजून दम टिकवून असलेली. माझ्या यजमानांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. सपाटीवर ते तासभर आरामात चालतात, पायऱ्या चढतातही, पण उतरताना त्यांची पंचाईत होते, कारण उतरताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. विहीणबाई शहात्तर वर्षांच्या, हातात काठी, माहेर देवगडचे. लेक आणि जावई तिशीतले. जावई तर पहाटे उठून पळणारे. आणि अडीच वर्षांचा नातू, जो अर्धा वेळ बाबागाडीत आणि अर्धा वेळ कुणाच्या तरी कडेवर असणार होता.

जावयांनी संगणकावर राष्ट्रीय उद्यान विभागाची माहिती उघडली. ऑस्ट्रेलियात चालण्याच्या वाटांना एक ते पाच अशा श्रेणी दिलेल्या असतात. पहिल्या श्रेणीची वाट सपाट, पायऱ्या नसलेली आणि पाच किलोमीटरांच्या आतली, सोबत कुणी असेल तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही जमण्याजोगी. दुसरीत थोडा चढ, क्वचित पायऱ्या आणि अंतर दहा किलोमीटरांपर्यंत. तिसरीत वीस किलोमीटरांपर्यंतची वाट, छोटे खडे चढ, खडबडीत जमीन आणि पुष्कळ पायऱ्या. चौथी लांब, खडतर आणि दिशादर्शक पाट्या कमी असलेली. पाचवी केवळ मुरलेल्यांसाठी, ज्यांना नकाशावरून वाट काढता येते आणि प्रथमोपचारही येतात. आपल्याकडे ट्रेक सोपा, मध्यम की कठीण हे सांगणारा स्वतः कोण आहे यावर ठरते. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेला ‘अगदी सोपी’ म्हणणारा माणूस बहुधा नळीच्या वाटेने चढून आलेला असतो. त्या मानाने ही पाच आकड्यांची रीत मला फार प्रामाणिक वाटली. 

यजमानांना मात्र ती अपुरी वाटली. ते बांधकाम क्षेत्रातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. ‘पुष्कळ पायऱ्या’ म्हणजे किती, त्या चढत्या की उतरत्या, आणि कठडा आहे की नाही, हे कुठे लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. कुणाकडेच उत्तर नव्हते. तेव्हा त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून तिच्यात तीन रकाने आखले: अंतर, चढत्या पायऱ्या, उतरत्या पायऱ्या.

पहिला दिवस : मॅनली

पहिली वाट सर्वांना जमेल अशीच घ्यायची, हे लेकीचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. रेल्वेने सर्क्युलर कीला जाऊन तिथून मॅनलीची फेरी पकडली. अर्ध्या तासाचा हा जलप्रवास हीच निम्मी सहल आहे. ऑपेरा हाउस मागे पडते आणि बंदराच्या मुखाशी, जिथे उत्तर आणि दक्षिण अशी दोन भूशिरे समोरासमोर उभी आहेत, तिथे बोट आली की खुल्या महासागराच्या लाटांनी ती चांगली डुलते.

मॅनलीच्या धक्क्यापासून वाहनांना बंदी असलेल्या रस्त्याने समुद्रकिनाऱ्यावर आलो आणि उजवीकडे वळून शेली बीचपर्यंतची फरसबंद वाट धरली. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खडक, मध्ये बाबागाडी आणि काठी शेजारी-शेजारी चालू शकतील एवढी रुंद वाट. इथला कॅबेज ट्री बे हा उपसागर २००२ पासून राखीव आहे. तिथे मासे धरायला आणि शिंपलेसुद्धा उचलायला बंदी आहे. त्यामुळे कठड्यावरून वाकून पाहिले तरी मासे दिसतात. वाटेवर ऊन खात बसलेला घोरपडीच्या पिलासारखा एक प्राणी, ज्याला तिथे वॉटर ड्रॅगन म्हणतात, नातवाने सर्वांत आधी पाहिला. तो प्राणी हलेना, नातूही हलेना. त्या दोघांमध्ये आमची दहा मिनिटे गेली आणि विहीणबाईंना बसायला मिळाले.

दुपारी बसने उत्तर भूशिरावर, म्हणजे नॉर्थ हेडला गेलो. तिथली फेअरफॅक्स नावाची सुमारे किलोमीटरभराची फेरी रानझुडपांतून कड्यापर्यंत जाते आणि परत आणते. खालचे कडे वालुकाश्माचे, पिवळे-तांबूस, थर मोजता येतील असे; सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना ते भाजलेल्या पावाच्या कापांसारखे दिसतात. मे ते नोव्हेंबर या काळात कुबड असलेले देवमासे या किनाऱ्याने ये-जा करतात आणि ऑक्टोबरात ते पिलांसह दक्षिणेकडे परतत असतात. आम्ही सगळे दुर्बिणीसाठी भांडत असताना विहीणबाईंनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी पहिला फवारा पाहिला आणि काठी उचलून दाखवला. ‘‘तो बघा, ताई. आमच्याकडे डॉल्फिन असेच लांबून कळायचे.’’

डायरीत त्या दिवशी फारसे काही लिहावे लागले नाही.

दुसरा दिवस : बाँडाय ते कुजी

आजची चूक माझी. बाँडाय ते कुजी ही सिडनीतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध किनारी वाट आहे, अंतर सहा किलोमीटर, आणि तिच्या सगळ्या छायाचित्रांत लोक सपाता घालून आइस्क्रीम खात चालताना दिसतात. सहा किलोमीटर म्हणजे आपल्या पर्वती-सारसबागेच्या दोन फेऱ्या, अशा हिशेबाने मी सर्वांना, बाबागाडीसह, सकाळी आठ वाजता बाँडायच्या दक्षिण टोकाशी नेऊन उभे केले.

पहिल्या काही मिनिटांतच पायऱ्या लागल्या. मग वळण आणि पुन्हा पायऱ्या. जावयांनी बाबागाडीचे पुढचे टोक धरले, मी मागचे. मधे नातू पालखीतल्या देवासारखा बसलेला. यजमान कठड्याला धरून, आडवे होऊन, एकेक पायरी खेकड्यासारखे उतरत होते आणि तोंडाने मोजतही होते. मागून पळायला आलेल्या मंडळींची रांग लागली होती, तरी कुणी कुरकुर केली नाही, उलट दोघांनी बाबागाडीला हात लावला. मॅकेंझीज पॉइंटच्या टोकावर पोहोचलो तेव्हा समोर निळ्याशार पाण्याचा अख्खा पट उघडा होता, आणि विहीणबाई एका खडकावर बसल्या होत्या.

‘‘ताई, समुद्र इथूनही तोच दिसतोय. तुम्ही सगळे जाऊन या, मी इथेच बसते.’’

हे बोलणे अतिशय सौजन्याचे होते आणि त्याचा अर्थ अतिशय स्पष्ट होता. अडचण अशी, की ही वाट जाऊन-येऊन करायची नाही. एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते. चालणारे ज्या वाटेने परत येणार नाहीत, त्या वाटेवर कुणाला बसवून पुढे जाता येत नाही. घरी टेबलापाशी आम्ही अंतर पाहिले, श्रेणी पाहिली, पण वाटेचा आकार पाहिला नव्हता. एकमार्गी वाट, त्याच वाटेने परत यायची वाट आणि फेरी मारून मूळ जागी आणणारी वाट, या तिन्हींत थकलेल्या माणसाचे काय करायचे याची उत्तरे वेगळी असतात.

बाँडाय-कुजीचा एक गुण मात्र त्या दिवशी कामाला आला. ही वाट दर थोड्या अंतरावर एकेका उपसागरात उतरते, आणि अशा प्रत्येक ठिकाणी वर डांबरी रस्ता, बस, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असते. टॅमरामाला पोहोचल्यावर लेकीने टॅक्सी बोलावली आणि विहीणबाई, नातू व बाबागाडी यांना घेऊन ती पुढच्या ब्राँटीच्या बागेत गेली. यजमानांनी जायला नकार दिला, आणि तो योग्य ठरला, कारण टॅमरामा ते ब्राँटी हा टप्पा रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या पदपथाचा आहे. ज्या वाटेने त्यांना सकाळी घाम फोडला, तिचाच हा भाग ते हात मागे बांधून चालले. तेव्हा ‘ही वाट कठीण आहे की सोपी’ हा प्रश्नच चुकीचा निघाला. तिचे चार-पाच तुकडे आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे.

ब्राँटीच्या पुढे कड्यावर वेव्हर्ली कब्रस्तान आहे, १८७७ साली सुरू झालेले. संगमरवरी देवदूत, क्रूस आणि त्यांच्यामागे थेट समुद्र. कवी हेन्री लॉसन यांना इथेच पुरले आहे. कब्रस्तानाच्या आणि कड्याच्या मधून लाकडी फळ्यांचा मार्ग जातो. एवढी मोक्याची जागा मृतांसाठी राखून ठेवणाऱ्या शहराविषयी मला आदर वाटला. आपल्या मुंबईत असे घडले असते तर आजूबाजूच्या इमारतींच्या जाहिरातींत ‘शांत शेजार’ म्हणून लिहिले असते.

क्लोव्हेलीला सगळे पुन्हा भेटलो. हा उपसागर अरुंद, आत लांबवर शिरलेला आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे सपाट ओटे बांधलेला आहे. तलावात उतरावे तसे शिडीने पाण्यात उतरता येते. यजमान गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, की नवीन गुडघ्याला समुद्र पहिल्यांदाच लागला. क्लोव्हेलीच्या पुढे गॉर्डन्स बेच्या खड्या पायऱ्या आहेत. त्या फक्त मी आणि जावयांनी केल्या, आणि कुजीला पोहोचून बसने घरी आलो.

रात्री डायरीतला उतरत्या पायऱ्यांचा आकडा यजमानांनी मला न बोलता दाखवला.

तिसरा दिवस : ब्रॅडलीज हेड

पायांना सुट्टी. बंदराच्या आतल्या बाजूला ब्रॅडलीज हेड हे भूशिर आहे, जिथे मोटार जवळजवळ टोकापर्यंत जाते. ज्यांना चालायचे होते त्यांनी तारोंगा प्राणिसंग्रहालयाच्या धक्क्यापासून झाडीतून येणारी वाट घेतली, बाकीचे मोटारीने आले. टोकाशी ‘सिडनी’ या युद्धनौकेची डोलकाठी उभी केलेली आहे. या नौकेने ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ जर्मनांच्या ‘एम्डेन’ला निकामी केले, तीच एम्डेन, जिने दीड महिना आधी, २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासवर तोफगोळे टाकून तिथले तेलाचे साठे पेटवले होते. यजमान डोलकाठीभोवती बराच वेळ घोटाळले. नातू झोपला होता. समोर ऑपेरा हाउस आणि पूल, दोन्ही एकाच चौकटीत. आम्ही डब्यातली थालीपिठे संपवली आणि परतलो.

चौथा दिवस : बंडीना आणि जिबन

सिडनीच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क आहे. १८७९ साली ते जाहीर झाले, म्हणजे अमेरिकेतील यलोस्टोननंतर अवघ्या सात वर्षांनी. त्याच्या किनाऱ्याने बंडीना ते ऑटफर्ड अशी सव्वीस किलोमीटरांची वाट जाते, जी बहुतेक लोक दोन दिवसांत करतात. निघण्यापूर्वी जावयांनी उद्यानाच्या सूचना पुन्हा पाहिल्या, कारण वणव्याचा धोका वाढला किंवा पावसाने वाट खचली तर उद्याने किंवा वाटा त्याच दिवशी बंद केल्या जातात.

क्रोनला स्थानकाजवळून छोट्या लाकडी बोटीने बंडीनाला उतरलो आणि दुसऱ्या दिवसाचा धडा घेऊन तिथेच तीन तुकड्या केल्या. विहीणबाई आणि नातू धक्क्यालगतच्या शांत वाळूवर राहतील, लेक त्यांच्यासोबत. जावई एकटेच किनारी वाटेने वेडिंग केक रॉकपर्यंत आणि जमल्यास पुढे मार्लीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येतील. मी आणि यजमान जिबनच्या किनाऱ्याने टोकावरची कातळशिल्पे पाहू. तिघांनाही परतायचे एकाच धक्क्यावर, दोन वाजता.

वाळू ही काठीची आणि गुडघ्याची शत्रू असते, हे विहीणबाईंनी आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते. सुकी, भुसभुशीत वाळू पाऊल आत ओढते. ओहोटीने नुकतीच सोडलेली ओली वाळू फरशीसारखी कडक असते. तेव्हा ओहोटी किती वाजता, हा प्रश्न निघाला. देवगडला त्यांचे वडील तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढत. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती. विहीणबाईंनी तसा हिशेब करून वेळ सांगितली, जावयांनी तिथला तक्ता पाहिला, आणि दोहोंत मोठा फरक निघाला. चंद्र एकच असला तरी प्रत्येक किनाऱ्यावर भरतीला पोहोचायला लागणारा वेळ वेगळा असतो, त्यामुळे आपल्या किनाऱ्याचे पाढे परक्या किनाऱ्यावर चालत नाहीत. विहीणबाईंना हे पटले, पण आवडले नाही.

तक्त्याप्रमाणे ओहोटीच्या वेळी निघाल्यामुळे जिबनचा सबंध किनारा आम्ही पाण्याच्या कडेने, कडक वाळूवरून चाललो. टोकाला रानात शिरणारी वाट आहे. गुळगुळीत, नारिंगी-गुलाबी सालीची अँगोफोरा झाडे खडकाला विळखे घालून वाढलेली, आणि मधे मधे गायमिया लिलीचे पुरुषभर उंच पानांचे झुबके, ज्यांतून फुलाचा दांडा माणसाच्या तिप्पट उंच जातो. या प्रदेशाचे मूळ रहिवासी धारावल लोक. त्यांच्या पूर्वजांनी सपाट वालुकाश्मावर देवमासे, कांगारू यांच्या बाह्यरेषा कोरल्या आहेत. आधी रेषेवर जवळजवळ खळगे पाडायचे आणि मग ते घासून जोडायचे, अशी ती पद्धत. चित्रांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून फळ्यांचा मार्ग केला आहे, आणि त्यामुळे यजमानांना ती पाहणे सोपेही गेले.

तिथे उभे राहून आम्हा दोघांनाही एकदमच राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा हत्ती आठवला. जांभ्याच्या सपाटीवर, आकाशाकडे तोंड करून कोरलेले ते प्रचंड चित्र आणि इथला हा देवमासा यांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचे कारण नाही; पण समुद्राजवळचा उघडा, सपाट खडक दिसला की त्यावर जनावर कोरावे, असे दोन्हीकडच्या माणसांना वाटले. कशेळीसारखीच इथेही एक अडचण आली. डोक्यावर ऊन असताना रेषा दगडात बुडून जातात. सकाळचे किंवा कलत्या दुपारचे तिरपे ऊन असेल तरच त्या उठून दिसतात. आम्ही भर बाराला पोहोचलो होतो. ओहोटी सांभाळली आणि ऊन चुकले.

इथला सूर्यही माझ्या ओळखीचा नव्हता. दक्षिण गोलार्धात तो दुपारी उत्तरेला असतो, त्यामुळे सावलीवरून दिशा काढण्याची माझी सह्याद्रीतली सवय बरोबर उलटी पडत होती. परतताना मी आत्मविश्वासाने एक फाटा चुकले. समोर समुद्र दिसायला हवा होता आणि दिसत होती झाडी; तेव्हा यजमानांनी फोनवरचा नकाशा पुढे केला.

जावई दोन वाजायला पाच मिनिटे असताना घामाघूम होऊन आले. वेडिंग केक रॉक हा लग्नाच्या केकसारखा पांढराशुभ्र, चौकोनी कापलेला कडा खालून पोखरला गेलेला आहे आणि तपासणीनंतर २०१५ पासून त्याला कुंपण घातले आहे. तरीही दोन तरुण कुंपण ओलांडून टोकावर बसून छायाचित्र काढत होते, असे त्यांनी सांगितले. अशा माणसांसाठी सहावी श्रेणी काढावी लागेल.

बोटीत विहीणबाईंनी डायरी मागून घेतली आणि यजमानांना आणखी दोन रकाने आखायला लावले: बाकडी आणि स्वच्छतागृहे. ‘‘पायऱ्या तुमच्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या वयाला हे दोन लागतात.’’

पाचवा दिवस : कटूंबा

सिडनीहून पश्चिमेला सुमारे दोन तासांच्या रेल्वे प्रवासावर ब्लू माउंटन्स आहेत; २००० सालापासून जागतिक वारसा. या डोंगरांवर पसरलेली झाडे मुख्यतः निलगिरीची, आणि त्यांच्या पानांतले तेल हवेत मिसळून जे धुके होते त्यामुळे दूरचे डोंगर निळे दिसतात, असे सांगतात. मराठी माणसाची इथे गंमत होते. हे झाड दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांवर इंग्रजांनी लावले, म्हणून आपण त्याला निलगिरी म्हणतो. आणि त्याच्या मूळ देशी ते ज्या डोंगरांवर वाढते त्यांचेही नाव निळे डोंगरच. निळ्या डोंगरांवरचे निलगिरी पाहत आम्ही कटूंबा गावाच्या एको पॉइंटला उभे होतो आणि सर्दीला लावायच्या बाटलीचा वास खरोखरच येत होता.

एको पॉइंटचा सज्जा रुंद आणि सपाट आहे. थ्री सिस्टर्स हे तीन सुळके, सर्वांत उंच समुद्रसपाटीपासून ९२२ मीटर, तिथून कठड्याला टेकून दिसतात. खाली जॅमिसन दरी. तिथे पायी उतरायला कड्यात कोरलेल्या शेकडो पायऱ्या आहेत, आणि त्या पाहून यजमानांनी डायरी मिटली. आम्ही सीनिक वर्ल्डचे तिकीट काढून केबलच्या पाळण्यातून सगळे जण दरीत उतरलो. इथे ५२ अंशांच्या उतारावरून जाणारी रेल्वेही आहे, मूळची कोळशाच्या खाणीची. तिच्याकडे एकदा पाहून विहीणबाईंनी ‘हे देवा’ म्हटले आणि पाळण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या.

दरीच्या तळाशी वृक्षनेच्यांच्या गर्द सावलीतून फळ्यांच्या वाटा काढल्या आहेत, सगळ्या मिळून २.४ किलोमीटर, आणि त्यांतला पाळण्याजवळचा भाग चाकांच्या खुर्चीलाही जमणारा. जिथे एरवी शेकडो पायऱ्या उतरून जावे लागते, त्या रानात काठी टेकत, फर्नच्या पानांना हात लावत विहीणबाई चालत होत्या. डोंगरात यंत्रे बसवण्याला मी एरवी नाक मुरडते. त्या दिवशी मुरडले नाही.

सहावा दिवस : ब्लॅकहीथ

मुक्काम जवळच्या ब्लॅकहीथ गावात केला होता. आजचा बेत सर्वांत नीट जुळला, कारण तो आधीच्या दिवसांच्या चुकांवर बेतलेला होता. वाटा दोन, पण शेवटी सर्वांनी भेटायचे गव्हेट्स लीप या एकाच कड्यावर. यजमान, विहीणबाई, लेक आणि नातू यांच्यासाठी उद्यानाच्या माहिती केंद्रापासून निघणारी फेअरफॅक्स हेरिटेज वाट, सुमारे पावणेदोन किलोमीटर, रुंद, चाके चालतील अशी. मला आणि जावयांना ग्रँड कॅन्यन, सुमारे सहा किलोमीटर, उतरून पुन्हा तितकेच चढायचे.

माहिती केंद्रात जावयांनी संकटाच्या वेळी उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र मागून घेतले. ते तिथे फुकट मिळते. कुठे जाणार, किती वाजता परतणार, एवढे लिहून द्यावे लागते. घळीत फोन लागत नाही, म्हणून लेकीला वेळ आधीच सांगितली: एक वाजता इव्हान्स लुकआउटला गाडी घेऊन यायचे. तिथून कड्याच्या काठाने गव्हेट्स लीपला पायी जाता येते, पण ते मी जावयांवर सोडले. एकसष्टाव्या वर्षी कुठे थांबायचे हे आधी ठरवलेले बरे.

ग्रँड कॅन्यनमध्ये उतरू लागलो तसा हवेतला कोरडेपणा गेला. वरती निलगिरी, खाली शेवाळ. पन्नास पावलांत रान बदलते. दोन्ही बाजूंचे वालुकाश्माचे कडे इतके जवळ येतात की वर आकाशाची फीत उरते, आणि वाट कड्याच्या पोटातल्या कपारीतून, कधी गळणाऱ्या पाण्याच्या पडद्यामागून जाते. ओढा काही ठिकाणी शेजारी, काही ठिकाणी खूप खाली नुसता आवाजाने कळणारा. मला सांदण घळीची आठवण झाली, पण ती उघडी आणि कोरडी. इथे सगळे हिरवे, ओले, आणि दगड निसरडे. एका ठिकाणी पालापाचोळा उकरत असलेला कोंबडीएवढा तपकिरी पक्षी वाटेपासून दोन हातांवर होता. लायरबर्ड. तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, पण आमच्यासमोर तो नुसता उकरत राहिला, माती आमच्या बुटांवर उडवत. ऑस्ट्रेलियाच्या दहा सेंटच्या नाण्यावर याचीच आकृती आहे. जावयांनी नातवासाठी तसे एक नाणे खिशात वेगळे ठेवले.

शेवटची चढण खडी आहे. मी पायऱ्या मोजायच्या ठरवल्या होत्या, यजमानांच्या डायरीसाठी. तीनशे बारापर्यंत मोजल्या आणि मग श्वास मोजू लागले. इव्हान्स लुकआउटला एक वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. लेक आणि गाडी उभी होती.

गव्हेट्स लीपच्या सज्जावर यजमान आणि विहीणबाई एका बाकावर बसले होते. समोर ब्रायडल व्हेल धबधब्याची बारीक धार वाऱ्याने तळाला पोहोचण्याआधीच विरत होती. विहीणबाईंनी सबंध वाट एकदाही गाडीत न बसता, काठीवर पार केली होती, आणि डायरी त्यांच्याच मांडीवर होती.

‘‘किती पायऱ्या?’’ यजमानांनी विचारले.

‘‘तीनशे बारा, आणि पुढच्या मोजल्या नाहीत.’’

त्यांनी ३१२ लिहून पुढे अधिकाची खूण केली. विहीणबाईंनी बोट शेवटून दुसऱ्या रकान्यावर ठेवले.

‘‘आणि बाकडी?’’

मी आठवून पाहिले. एका ओल्या दगडावर आम्ही दशम्या खाल्ल्या होत्या. त्यांनी यजमानांच्या हातातले पेन घेतले आणि माझ्या ओळीत, ठळक, शून्य काढले.